वगळलेले एक्केचाळीस दिवस

तेव्हा आमचा जिल्हा चांदा होता आणि गडचिरोली ही त्यातली एक तहसील. धानोऱ्याच्या वाटेवरच्या एका लाकूड डेपोत मी मोजणीबाबू होतो. सागाच्या ओंडक्यावर नंबर टाकायचा, त्याची लांबी आणि घेर मोजून वहीत उतरवायचा, हे माझे काम. माझ्या आकड्यात खोट निघत नाही, असे मी तेव्हा चारचौघांत बोलत असे.

माझी धाकटी बहीण शहरात भौतिकशास्त्रात संशोधन करीत होती. पाण्याच्या पृष्ठभागावर रेणू कसे बसतात, हा तिचा विषय. एका वर्षी एप्रिलच्या आरंभी ती लहानशी बरणी घेऊन घरी आली. बरणीत मेणासारखे पांढरे कण होते. चिमूटभर कण पाण्यावर टाकले की ते आपोआप पसरतात आणि फक्त एका रेणूइतका जाड थर होतो, असे तिने सांगितले.

“किती जाड?” मी विचारले.

“सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग ना, भाऊ? त्याचे पंधरा लाख भाग करा. त्यातला एक.”

“अन् एवढ्याशा थरानं होते काय?”

“पऱ्ह्याच्या वाफ्यात धानाची रोपं कशी दाटून उभी राह्यतात? तसेच हे रेणू उभे राह्यतात. बूड पाण्यात, शेंडे वर. उन्हानं पाणी उडून जायाले पाह्यते, पण त्याले फट भेटत नाई.”

म्हणजे उन्हाळ्यात तलावातले पाणी वाचू शकते. पण तिच्या मार्गदर्शकांचा विश्वास बसत नव्हता. प्रयोगशाळेतल्या ताटलीत जमते ते उघड्या उन्हात जमवून दाखव, नाहीतर विषय बदल, असे त्यांनी तिला बजावले होते. तिची तीन वर्षांची मेहनत त्या उन्हाळ्यावर टांगलेली होती. आणि मृग लागला की मोजणी संपणार होती, कारण वरून पाणी पडू लागल्यावर किती उडाले ते कसे कळणार?

आम्ही टिनकाम करणाऱ्याकडून पत्र्याची दोन सारखी टाकी करून घेतली आणि अंगणात जाळीखाली ठेवली. एकावर थर, दुसरे तसेच. रोज सकाळी सहाला मी पोलादी पट्टी बुडवून पाणी किती उतरले ते लिहायचे, पुन्हा खुणेपर्यंत भरायचे, आणि आठवड्याचे आकडे तिला पत्राने कळवायचे. हे ठरवून ती शहरात परतली.

शेजारी तळ्यात मासे मारणारा एक म्हातारा राहत असे. तो रोज कुंपणावरून विचारी, “काऊन बाबू, आता पाण्यालेबी नंबर टाकून राह्यले का?”

पहिले नऊ दिवस उघड्या टाक्यातले पाणी चार सूत उतरे, तर थराच्या टाक्यातले तीन. पुढे फरक कमी होत गेला. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही टाकी सारखीच उतरू लागली. तिने सांगितल्याप्रमाणे मी थर पुन्हा टाकला, तरी तेच. मन दुखत होते, पण दिसले तेच मी कळवले. चाळिसाव्या दिवशी संध्याकाळी ती स्वतः आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मापे घेताना ती बाजूला बसून पाहत होती. मग तिने पट्टी मागितली आणि नाकाला लावली.

“भाऊ, याले काय लावता?”

“टोळीचं तेल. डेपोतलं सारं लोखंड आम्ही या मोहाच्या बियांच्या तेलानं पुसतो. गंज नाई चढत. अन् मी कोरड्या फडक्यानं दोन डाव पुसूनच पाण्यात घालतो.”

ती हसली नाही, रागावलीही नाही. माझ्या बायकोला म्हणाली, “वहिनी, परात घासून द्या, अन् देवघरातला कापूर.”

चिंचेने घासून दहा पाण्याने धुतलेल्या परातीत स्वच्छ पाणी भरले. तिने कापराचे बारीक तुकडे वर सोडले. ते गरगर फिरू लागले, पळू लागले. म्हातारा कुंपण ओलांडून आत आला. मग तिने माझी पुसलेली पट्टी पाण्याला नुसती टेकवली. सगळे तुकडे जागच्या जागी थांबले.

“बाबू, तुमच्या पट्टीनं तं कापराचा जीवच घेतला!” म्हातारा ओरडला.

बायको म्हणाली, “साऱ्या जगाच्या चुका काढते हा माणूस.”

बहिणीने समजावले. तेल रोज कणाकणाने पाण्यावर उतरत होते, दाटून उभ्या रेणूंत घुसत होते, आणि पाण्याला फटी मिळत होत्या. मी वही उघडली. पहिल्या नऊ दिवसांत पट्टी नवी होती, तेल लावायला मी दहाव्या दिवशी लागलो होतो. म्हणालो, “हे नऊ दिवस तं चोख आहेत. हे घे.”

“तेल दहाव्या दिवशी लावलं, हे वहीत लिवलं हाये?”

मी पाने उलटली. नव्हते लिहिलेले.

“मंग नाई चालत, भाऊ. तुमी खरं बोलता, मले ठाऊक हाये. पण वहीत नाई.”

तिचे सगळे त्या आकड्यांवर अवलंबून असताना तिने एक्केचाळीसच्या एक्केचाळीस दिवसांवर काट मारली. टाकी राखेने घासली, पट्टी राखेच्या पाण्यात उकळली, पाणी नवे भरले. पुढे पट्टीवर गंज चढला. मी चढू दिला. पाऊस येईपर्यंत एकोणीस दिवस मिळाले आणि एकोणीसही दिवस थराच्या टाक्यातले पाणी कमी उतरले. मार्गदर्शकांनी ती वही दोनदा तपासली आणि विषय तिच्याकडेच राहिला.

वर्षभराने तिचा छापील निबंध आला. एका वाक्याखाली तिने पेन्सिलीने रेघ ओढली होती. पट्टीला निरीक्षकाने तेल लावल्यामुळे पहिल्या एक्केचाळीस दिवसांची मापे वगळली आहेत, असा त्याचा अर्थ. मी तो निबंध डेपोत नेला आणि आमच्या साहेबांना ते वाक्य दाखवले.

“अहो, ही तर तुमची चूक छापली आहे,” साहेब म्हणाले. “आणि तुम्ही दाखवत फिरता?”

“हो साहेब,” मी म्हटले. “माझ्या बहिणीनं छापली आहे.”