काही न करणाऱ्या सुनेचं सीतादही

माझ्या सासऱ्यांनी मला आयुष्यात एकदाच शिवी दिली, आणि तीही इतक्या गोडीनं की समोर बसलेल्या मास्तरांना ती शिवी आहे हे कळलंसुद्धा नाही. त्यांनी ती सरकारी कागदावर उतरवून घेतली.

माघ सरत आला होता. शिरगणती चालू होती आणि गावच्या शाळेचे मास्तर घरोघर माणसं लिहीत फिरत होते. आमचं गाव मारेगावच्या वाटेवरचं, काळ्या मातीचं. वावरात चप्पल विसरली तर पुढच्या पावसाळ्यात तिला जोड फुटेल अशी माती. सासरे ओट्यावर बसलेले. त्यांची ती बैठक इतकी जुनी की ओट्याला खड्डा पडला होता आणि पावसाळ्यात त्यात बदकं पोहत. मास्तरांनी त्यांना विचारलं, तुमचं काम काय? म्हणाले, शेती. मुलाचं? शेती.

नेमकी त्याच वेळी मी शेवटचा वेचा संपवून घरी आले. पोटाशी बांधलेली कापसाची ओटी अशी फुगलेली की फाटकातून मला आडवं होऊन शिरावं लागलं. म्हैस पिळून, अठरा घागरी पाणी ओढून, भाकरी थापून मी वावरात पोचायची तेव्हा सूर्य डोळे चोळत असायचा आणि मला पाहून ओशाळायचा.

मास्तरांनी विचारलं, सूनबाई काय करतात?

"हे? हे काही नाही करत. घरीच राह्यते."

मास्तर भला माणूस. त्यांचा टाक थांबला. माझ्या ओटीकडे पाहून म्हणाले, "आत्ताच वेचून आल्या ना?"

"थे काय काम आहे का, मास्तर? बायाच्या हाताले सवयच असते."

टाक पुन्हा चालू लागला. त्याची कुरकुर मला आजही ऐकू येते, आणि मला डाव्या कानानं ऐकू येत नाही.

जेवताना नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, कागद दिल्लीले जाते, तिथं तुले कोण ओळखते? तेच तर. आजवर दिल्ली मला ओळखत नव्हती. आता ओळखणार होती ती बसून खाणारी म्हणून.

तेव्हाच मी ठरवलं, हा शब्द मी सासऱ्यांना त्यांच्याच तोंडानं परत घ्यायला लावीन, आणि तोही त्याच ओट्यावर, त्याच मास्तरांसमोर. भाजीत मीठ जास्त टाकणं, आंघोळीचं पाणी थंड ठेवणं, हे नवशिक्या सुनांचे खेळ. मी थांबले. नऊ महिने थांबायची बाईला काय नवलाई? त्या नऊ महिन्यांत मी सासऱ्यांशी इतकी गोड वागले की त्यांचं वजन वाढलं. माझ्याबरोबर वेचायला येणाऱ्या चौदा बायांना मात्र सगळं सांगून ठेवलं. त्यांतल्या निम्म्यांच्या घरीही मास्तरांना हेच उत्तर मिळालं होतं, त्यामुळे फार समजवावं लागलं नाही.

कार्तिकात पऱ्हाटी, म्हणजे आमची कपाशी, फुटली. त्या साली कापूस असा फुटला की बगळे आपलाच थवा समजून उतरत आणि लाजून उडून जात. आता आमच्याकडे पहिल्या वेच्याआधी सीतादही करतात. वावरात पाच खडे धुऊन मांडायचे, त्यांना दहीभात दाखवायचा, पऱ्हाटीवर दही शिंपडायचं, कापूस दह्यासारखा पांढरा होवो म्हणायचं, आणि मग घरच्या बाईनं पहिल्या बोंडाचा कापूस आपल्या ओटीत घ्यायचा. त्याआधी कुणी पांढऱ्याला हात लावत नाही. सासू माझ्या लग्नाआधीच गेलेली, दुसरी सून नाही. घरची बाई म्हणजे मी एकटी.

सासरे म्हणाले, "उद्या सीतादही करू. दही लावून ठेव, बाई."

"मी कायले लावू, मामाजी? मी तं काही नाही करत. घरीच राह्यते. लिहून गेलं ना दिल्लीले."

ते हसले. त्यांना वाटलं सुनेनं गंमत केली. सकाळी दह्याचं गाडगं उपडं दिसलं तेव्हा हसू गेलं. नवरा मध्ये पडायला आला, तर मी त्याच्याकडे फक्त पाहिलं. तो बैलांना पाणी दाखवायला गेला तो बैलांची तहान भागून त्यांना पोहता येईपर्यंत परतला नाही.

सासरे जिद्दी. शेजारून दही मागून आणलं आणि स्वतःच वावरात गेले. चौदाही बाया धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, ओळीनं बसलेल्या. सासऱ्यांनी खडे मांडले, दहीभात काढला, आणि चूक केली ती इथं. त्यांना स्वतःला दहीभात मीठ-मिरची कालवल्याशिवाय गिळवत नसे. सवयीनं त्यांनी देवाच्या नैवेद्यातही मीठ-मिरची कालवली. धुऱ्यावरची म्हातारी म्हणाली, सीतामाय पाणी मागून राह्यली, बाबाजी. मग त्यांनी धोतराचा सोगा काढून ओटी बांधली.

"ओटी वर घ्या, बाबाजी," दुसरी म्हणाली, "सातव्या महिन्यावानी लटकते."

त्यांनी वेचायला सुरुवात केली. बोंडाच्या वाळक्या टोकांना माणूस कळतो. माझ्या हातात ती मऊ होत, त्यांच्या हातात विंचू झाली. कापसाबरोबर पाला आला, अख्खी बोंडं आली. दुपारपर्यंत चिमणीनंही घरट्यासाठी नाकारला असता एवढा कापूस आणि दहाही बोटांना रक्त. त्यात आभाळ भरून आलं. फुटलेल्या कापसावर पाणी पडलं की तो पिवळा पडतो, हे ओट्यावर बसणाऱ्यालाही ठाऊक असतं.

ते घरी आले, ओट्यावर बसले आणि बराच वेळ बोटं पाहत राहिले. मग म्हणाले, "काय पाह्यजे तुले?"

मी म्हटलं, मास्तरांना बोलवा.

मास्तर आले. बायाही आल्या, बोलावलं नव्हतं, तरी चौदाच्या चाळीस झाल्या.

"मास्तर," सासरे खाली बघत म्हणाले, "थे माघातलं खोडा. लिहा का हे वावरात काम करते. हे नसली तं कापूस घरी येत नाही."

मास्तर म्हणाले, कागद केव्हाच वर गेले, आता खोडता येत नाही.

सासऱ्यांना हायसं वाटलेलं मी पाहिलं. त्यांना वाटलं, कागदावर नाही म्हणजे झालंच नाही. पण चाळीस बायांनी ऐकलं होतं. संध्याकाळपर्यंत ते वाक्य मारेगावच्या बाजारात पोचलं आणि जाताना वाटेत वाढत गेलं. सासऱ्यांचं 'सीताबाई' हे नाव तिथूनच परत आलं. ते कुणी पाडलं हे मी सांगणार नाही. माझ्याइतकं चांगलं नाव पाडणारी गावात दुसरी नव्हती एवढंच सांगते. दुसऱ्या दिवशी मी सीतादही केलं. पाऊसही शहाणा, वणीकडे निघून गेला.

दहा वर्षांनी पुन्हा शिरगणती आली. मास्तर नवे. सासऱ्यांचे पाय गेले होते. दिवसभर ते त्याच ओट्यावर बसून माझ्या कापसातली कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, निवडत, आणि खोटं कशाला बोलू, कवडी निवडणारा असा हात मी पाहिला नाही. या वेळी उत्तरं द्यायला दारात मी उभी होते. मास्तरांनी विचारलं, आजोबा काय करतात?

सासऱ्यांची बोटं थांबली.

"थे? थे काही नाही करत," मी म्हटलं. "घरीच राह्यतात."

मास्तरांनी त्यांच्या मांडीवरच्या कापसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.  सासऱ्यांनी एक कवडी उचलली, निरखली, बाजूला टाकली.

"लिहा, मास्तर," ते म्हणाले.

दुपारी मी त्यांच्या भातावर दही वाढलं. मीठ-मिरची त्यांनी मागितली नाही, आणि मीही दिली नाही.