आंबलेले दात

हे मी आजवर कुणापुढं बोलले नाही. नवऱ्यापुढं नाही, पोटच्या लेकीपुढं नाही. तुम्हाला का सांगते आहे — मलाही धड कळत नाही. पण ऐका.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी माझ्या धाकट्या दिराचं लग्न झालं आणि शेवंता घरात आली. मानवतजवळचं आमचं खेडं. मी थोरली जाऊ. ती हसली की सगळे दात दिसायचे, पांढरेशुभ्र. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आमची धाकटी म्हंजी मोत्याची माळ हाय!" आठ वर्षं मी त्या घरात राबत होते. माझ्या हसण्याबद्दल कधी कुणी चकार शब्द काढला होता का? जळायची मी. सरळच सांगते, जळायची.

वर्षभरात तिचे दात शिवशिवायला लागले. माठातलं पाणी तोंडात घेतलं की डोळे गच्च मिटायची. "अक्का, दात लय आंबायलेत वो."

मी म्हणाले, "ताकाचं भांडं आंबलं की काय करतो? राखंनं घासतोच न्हाई का? तसंच घास. जोर लाव."

हे मी मुद्दाम नव्हतं सांगितलं, बरं का. आमच्याकडं सगळ्या असंच म्हणायच्या. मीही तेच करायची. इथपर्यंत माझा गुन्हा नाही.

मग माझीच दाढ ठणकली. मालकांनी मला परभणीला दातांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, बाई, दात म्हणजे भांडं नव्हे. राखेनं, मिसरीनं वरचं टणक कवच झिजतं, हिरडी सरकते, आतला भाग उघडा पडतो — म्हणून गार, आंबट झोंबतं. जितकं घासाल तितकं वाढेल. मऊ ब्रश घ्या, हात हलका ठेवा, आणि चिंच-कैरी खाल्ली की नुसती चूळ भरा, लगेच घासू नका.

एवढंच. एवढं साधं.

एसटीतून उतरून घरी आले तर शेवंता दारातच. "काय म्हनले डॉक्टर, अक्का?"

आणि मी — "काय म्हननार? गोळ्या दिल्यात दाढंला."

ब्रश पेटीत लुगड्यांखाली ठेवला. सगळे उठायच्या आत दात घासून घ्यायची. दोनेक महिन्यांत माझे दात शिवशिवायचे थांबले. तिचे? ती मोरीवर बसून कराकरा घासायची, डोळ्यांतून पाणी गळायचं, आणि मी — कसं सांगू — मी तिला राख चाळून द्यायची. गोवरीची, बारीक. तीन वर्षं! भर उन्हाळ्यात ती पाणी कोमट करून प्यायची. पेरू सोडला, ताक सोडलं. तोंडाला पदर लावून हसायला लागली, मग हसेनाशीच झाली. सासूबाईंची मोत्याची माळ बंद पडली. मला बरं वाटलं. हो, वाटलं.

मग एक दिवस माझ्या सहा वर्षांच्या लेकीनं राखेत बोट घातलं. मी धावले. तिचा हात झटकला, नवा ब्रश दिला. म्हणाले, "हळू घास गं. राखंनं दात झिजतेत."

शेवंता शेजारीच बसली होती, राखेचं बोट तोंडात. थांबली.

"अक्का, हे कवा कळलं तुमाला?"

"परवा," मी म्हणाले.

तिनं चूळ भरली. "बरं झालं बाई. पोरीचे तरी वाचतील. लय जीव लावता तुमी आमाला."

तिला ते खरं वाटलं. शेवंता आहे अजून, शेजारच्याच घरात राहते. तिला मी सांगितलेलं नाही.