छपराबाहेरची भुतं

माणसाने आयुष्यात किती धक्के सोसावेत याला काही सरकारी मर्यादा असती, तर आमच्या समोरच्या सुभेदारांनी माझ्यापुरती ती केव्हाच ओलांडली असती. साताऱ्यातल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं दार आणि माझं दार समोरासमोर आहे. गाव रहिमतपूरच्या बाजूचं, ऊस धाकट्या भावाच्या हवाली केलेला, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आणि बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, गुडघ्यांसाठी लिफ्ट असलेलं घर हवं म्हणून इथे आलेले. सामान लावून झाल्यावर पहिल्याच सकाळी त्यांनी माझी बेल वाजवली. मी दार उघडलं तर पांढऱ्या मिशांचा एक ताठ माणूस सावधान उभा. मला वाटलं विरजण हवं असेल. "आवं बाई, तुमी शाळंत मराठी शिकविता न्हवं?" मी हो म्हटलं. "मग सांगा, बाईला लिफ्टमधी मारली तर वाचणाऱ्याला जास्त भ्या वाटंल, का पान्याच्या टाकीत?" माझ्या हातात दुधाचं पातेलं होतं. पुढे आठवडाभर आमच्या उंबऱ्यापाशी मुंग्या होत्या.

सुभेदार भुताची कादंबरी लिहीत होते. खेड्यातलं एक कुटुंब शहरातल्या इमारतीत राहायला येतं आणि ती इमारत त्या कुटुंबाला एकेक करून गिळते, अशी ती गोष्ट. ही विद्या त्यांनी फौजेत कमावलेली. बर्फातल्या चौकीवर पहाऱ्याचे जवान पेंगायला लागले की ते त्यांना भुताच्या गोष्टी सांगत. "भ्यालेला शिपाई झोपत न्हाई, बाई. माझ्या गोष्टीवर आख्खी पलटण जागी ऱ्हायलीया," असं ते छाती काढून सांगायचे. इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण त्यांनी पहिलं प्रकरण वाचून दाखवलं आणि मी त्यांच्या हातातले कागदच ओढून घेतले. ती इमारत आमचीच होती! तीच जिन्यातली भेग, तीच कुरकुरणारी लिफ्ट, तीच गच्चीवरची काळी टाकी. तळमजल्यावर राहणारे आमचे सेक्रेटरी त्यात मेल्यावरही रोज नव्या सूचना चिकटवत फिरत होते. आणि तिसऱ्या मजल्यावर एक मास्तरीण होती, जिचे पाय उलटे होते आणि जी रात्री येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून शुद्धलेखन घालत असे. मी संतापून म्हटलं, "सुभेदार, ही मी आहे!" ते जराही ओशाळले नाहीत. "पाय उलटं हाईत, पर सोभाव चांगला दिलाय की," म्हणाले. त्या दिवसापासून चपला घालताना मी एकदा खाली बघून घेते.

पण खरी गंमत पुढेच आहे. या कादंबरीला सगळ्यात मोठा अडसर होता तो काकूंचा. घरात वास्तुपुरुष बसलेला असतो, आपण जे बोलू त्याला तो 'तथास्तु' म्हणतो, म्हणून भरल्या घरात वाईटवंगाळ बोलू नये, हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकतो आणि सोयीने विसरतो. काकू विसरलेल्या नव्हत्या. नवरा सीमेवर असताना सगळी वर्षं त्यांनी घरात 'नाही' हा शब्दसुद्धा जपून वापरलेला. डब्यातली साखर संपली तरी त्या 'साखर वाढली' म्हणत. त्यांनी हुकूम सोडला, "काय मारायची ती मानसं भाईर जाऊन मारा. छपराखाली मरान लिवायचं न्हाई." फौजेत मेजर साहेबांशी वाद घालणाऱ्या सुभेदारांनी हा हुकूम निमूट पाळला. चहापाण्याची, देवदर्शनाची, नातवाच्या बारशाची प्रकरणं घरात. मरणं सगळी गच्चीवर. भर उन्हात डोक्याला टॉवेल गुंडाळून ते टाकीच्या कडेला बसत आणि एखाद्याला संपवून घाम पुसत खाली येत. मग 'छप्पर' म्हणजे काय यावर नवरा-बायकोत खल सुरू झाला. बाल्कनी निम्मी आत, निम्मी बाहेर. तिथे जखमी करायला परवानगी मिळाली, मारायला नाही. पावसाळ्यात सुभेदारांनी गच्चीच्या जिन्यात छत्री उघडली, तर काकूंनी खालूनच विचारलं, "छत्री म्हंजी काय वो? छप्परच की!" तेव्हापासून पावसाळ्यातली मरणं एष्टीत हलवण्यात आली. एष्टीची कुठे वास्तुशांत झालेली असते, हा त्यांचा मुद्दा काकूंनाही पटला. एक सासरा रहिमतपूरला जाताना गेला आणि त्याचा मोठा मुलगा येताना.

त्या एष्टीपायी माझी काय अब्रू गेली ते सांगायलाच हवं. मी माहेरी उंब्रजला निघाले होते, तर सुभेदार माझ्याच बाकावर येऊन बसले. कागद मांडीवर, चष्मा नाकावर. गाडी महामार्गाला लागली आणि तोफेच्या आवाजाची सवय असलेला तो माणूस सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा मला विचारू लागला, "बाई, सुनंचं काय करायचं? परवा लिफ्टमधी कोंडलीया, पर मरंना! आज उंब्रजच्या आत तिचा निकाल लावलाच पायजे." पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या आजींनी वळून आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. मी "अहो आजी, तसं नाही" म्हणेपर्यंत त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. "कुठं निघालीस, पोरी?" मी खरं तेच सांगितलं, "माहेरी." झालं! अर्धी गाडी उठून उभी राहिली. कंडक्टरने सुभेदारांना मागच्या बाकावर नेऊन बसवलं, आणि एक पैलवान त्यांच्या मांडीला मांडी लावून बसला. उंब्रजला उतरताना आजींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता हितंच ऱ्हा गं बाई. न्हाई नांदायचं असल्या घरात." खिडकीतून सुभेदारांचा खुशीत आलेला आवाज आला, "बाई, मेली बगा एकदाची!" मी मान खाली घालून चालत राहिले.

काकूंना या कादंबरीची भीती कधी वाटली नाही. वस्तीवरच्या एकट्या घरात लेकरं वाढवलेली बाई ती. साप, चोर आणि दीर या तिन्हींना पुरून उरलेली. सुभेदार गच्चीवर बोलावून त्यांना एखादं प्रकरण ऐकवत, तर भूत दारात उभं असताना त्या विचारत, "त्या बिल्डिंगीत पानी कवा येतं?" सुभेदार कपाळावर हात मारून घेत. पण दुसऱ्या दिवशी बघावं तर भूत येण्याआधी नळाला पाणी आलेलं असायचं. काकूंना आवडायची ती घरात लिहिलेली प्रकरणं. त्यामुळे त्या कादंबरीत एक मोठं विचित्र झालं होतं. माणसं जिन्यात मरायची, टाकीत मरायची, पण एकदा दार लावून घरात आली की त्यांचं सगळं इतकं छान चालायचं की वाचणाऱ्याला त्यांचा हेवा वाटावा.

आणि मग गेल्या हिवाळ्यात सुभेदार तापाने पडले. खोकल्याने त्यांची बरगडी न् बरगडी दुखत होती, डॉक्टरांनी बाहेर पडायला बंदी केली होती. बरे होऊन ते जेमतेम उठले, आणि त्याच आठवड्यात भाकरीचं पीठ मळता मळता काकू ओट्याला धरून खाली बसल्या त्या त्यांना उठताच येईना. इथल्या डॉक्टरांनी हृदयाचं दुखणं सांगितलं, आणि काकूंचा भाऊ सांगलीला होता म्हणून त्यांना तिकडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशन ठरलं. त्याच्या आदल्या दुपारी सुभेदार काकूंचे कपडे न्यायला साताऱ्याला आले आणि माझ्या दारात उभे राहिले. त्या दिवशी ते ताठ नव्हते. माझा हात धरून लहान पोरासारखे रडू लागले. इतक्या धक्क्यांनंतरही या धक्क्याला मी तयार नव्हते.

"बाई, म्याच मारली तिला." ताप असताना एका दुपारी काकू बाजारात गेल्या होत्या. पडून पडून जीव उबगला होता. सुभेदारांनी गादीवरच कागद ओढला आणि छपराखाली, घराच्या आत लिहून टाकलं, 'त्या घरातली बाई खाली बसली, ती पुन्हा उठलीच नाही.' मी त्यांना समजावलं. योगायोग असतो, हे हृदयाचं दुखणं बऱ्याच दिवसांचं असणार, तुम्ही शिकलेले, देश बघितलेले. माझं मलाच ते पोकळ वाटत होतं. "मग ते वाक्य खोडून टाका," मी म्हटलं. "खोडल्यालं वास्तूला कुठं दिसतंय, बाई? ती ऐकती. तिला दुसरं ऐकवाय पायजे." आणि ते माझ्यासमोरच घरात गेले. ओट्याजवळ परातीत पीठ वाळून दगड झालं होतं. त्या परातीशेजारी ते सावधान उभे राहिले आणि परेडच्या आवाजात, भिंती हादरतील असे ओरडले, "बाई उठली! उठून हुबी ऱ्हायली! आपल्या पायानं चालत घरी आली!" एकदा नाही, पुन्हा पुन्हा. सेक्रेटरी तक्रार करायला वर आले, दारात थबकले, मला खुणेने 'काय झालं' म्हणून विचारलं, आणि मी सांगितल्यावर चपला काढून आत आले. थोड्या वेळाने मला कळलं की आम्ही तिघंही ओरडत होतो. वर्गात पोरांना अंधश्रद्धेवर निबंध घालणारी मी! पण खरं सांगते, तेव्हा मला मनापासून भीती वाटत होती. काकूंच्या जिवाखेरीज दुसरं काही सुचत नव्हतं.

ऑपरेशन नीट पार पडलं. काकू परत आल्या, लिफ्टमधून उतरल्या आणि आपल्या पायांनी चालत घरात गेल्या. सुभेदारांनी मात्र त्या दिवसापासून माणसं मारणं सोडून दिलं. जी मेली होती त्यांनाही त्यांनी एकेक करून परत आणलं. सून लिफ्टमधून सुखरूप बाहेर आली, सासरा टाकीतून निघाला, माझे पाय सरळ झाले. आता कादंबरीत नुसता चहा होतो. मी म्हटलं, सुभेदार, एखादं तरी भूत ठेवा. ते म्हणाले, "न्हाई बाई. आता हात वळत न्हाई." उभी हयात बंदूक खांद्याला लावलेल्या माणसाचा आवाज त्या वेळी कापत होता.

परवा सकाळी काकू गच्चीवर कोवळ्या उन्हाला बसल्या होत्या, मी कपडे वाळत घालत होते. सुभेदार गोळ्या आणायला गेले होते. "बाई, तुमी तरी सांगा ह्यास्नी. एखाद्याला मारा म्हनावं," काकू म्हणाल्या. "नुसता च्या पिऊन कादंबरी कशी हुईल? पयलं कसं, लिवून आलं की त्वांडावर तेज असायचं." मी म्हटलं, काकू, ते फार भ्यालेत. त्यांनी गुडघे उन्हात लांब केले. मग म्हणाल्या, "त्यांनी घरात लिवलं, त्ये मला ठावं हाय." माझ्या हातातला चिमटा खाली पडला. "बाजारातनं आले तवा दार लोटल्यालंच हुतं. हे गादीवर बसून लिवत हुतं. लिवताना ह्यांचं त्वांड कसं हुतंय त्ये मी वळकती, कुनाला तरी मारत हुतं. म्हटलं, आता टोकलं तर कागद घिऊन गच्चीवर जातील, अंगात ताप, भाईर वारं सुटल्यालं. म्हनून मी मागं फिरले आन् त्यांचं हुईस्तंवर जिन्यात बसले."

"पण काकू, तुमचा तर विश्वास आहे ना? वास्तू ऐकते म्हणून?"

"हाय की," काकू म्हणाल्या. "म्हनून तर म्हटलं, घरात आमी दोघंच तर हाय. काय व्हायचं त्ये ह्यांचं नगं, माझं हुं दे." मग पदराने चेहऱ्यावरचं ऊन अडवत म्हणाल्या, "ह्यास्नी सांगू नका हां. लय जिवाला लावून घेतील."

मी सुभेदारांना अजून काही सांगितलेलं नाही. संध्याकाळी ते नवं प्रकरण घेऊन येतात, त्यात कुणीतरी कुणाला चहा विचारतं, आणि सुभेदार चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारतात, "कसं वाटलं, बाई?" मी चांगलं आहे म्हणते, आणि त्यांच्याकडे बघायला नको म्हणून चहा ठेवायला आत जाते.