दारात आडवी बाज

आमच्या नशिराबादेत बेबाबाईला लोक भांडखोर म्हणत. आजही म्हणतात. मी तिची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण, तिच्या नवऱ्याने ऐकलं नसेल इतकं तिचं तोंड मी ऐकलंय. पण ज्या भांडणाने तिचं नाव पार रावेरपर्यंत गाजलं, ते नीट कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

नव्वदनंतरची गोष्ट. तिचा धाकटा भाऊ लीलाधर रावेरकडचा केळीवाला, चांगला आडदांड गडी. त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, आधी किमोथेरपीने रोग दाबायचा, मग बहिणीच्या हाडातला मगज भावाला द्यायचा. तपासणीत बेबाबाईचाच मगज जुळला होता. एक किमो झाली की दुसरीपर्यंत लीलाधर तिच्याकडे राही, कारण ताप आलाच तर जळगावचा दवाखाना इथून जवळ. त्याची बायको सुनंदाबाई तिकडे पोरं आणि केळीचा बाग सांभाळत होती.

किमोनंतर अंगात रोगाशी लढायची ताकदच उरत नाही, साधी सर्दीही जिवावर बेतते, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला कोणी एकटंदुकटं जात नाही, अख्खी भाऊबंदकी निघते. तशी ती ट्रॅक्टर भरून आली. ज्याने त्याने लीलाधरच्या डोक्यावरून हात फिरवला, आपल्या हाताने केळाचा घास भरवला. एकजण खोकत होता, तोही अगदी खेटून बसला. बेबाबाई चुलीवर चहावर चहा ठेवत होती. आपल्या भावाला किती माणसं आहेत, याचंच तिला कौतुक.

माणसं परतली आणि लीलाधरला हुडहुडी भरून ताप चढला. जळगावला हलवलं. जीव वाचला, पण पुढची किमो लांबली. डॉक्टर बेबाबाईला म्हणाले, "पुन्हा असं झालं, तर ट्रान्सप्लांटचं विसरा."

घरी आल्याबरोबर तिने दारात आडवी बाज टाकली आणि तिच्यावर ठाण मांडलं. तिथेच बसून तांदूळ निवडायचे, तिथेच जेवायचं. आत फक्त ती जाणार, तेही हात साबणाने घासून. मी गरम खिचडी घेऊन गेले, तर मलाच विचारते, "हात धुतले का? भांडं झाकेल व्हतं का?" शेवटी खिचडी बाजेवर ठेवून मी तणतणत घरी आले. भलाई करायला जावं तर ही तऱ्हा!

आत लीलाधर पार खचला होता. केस गळाले, तोंड आलं, पाणीही गिळवेना. भिंतीपलीकडून मला ऐकू आलं, "अक्का, बस झालं. मले घरी नेऊन घाल."

"अन् माह्या हाडातला मगज? त्याचं काय लोणचं घालू?"

तो हसला. हसताना तोंडातले फोड दुखले, म्हणून कण्हला आणि पुन्हा हसला. मग तिने त्याला मऊ भात भरवला. चमचा वाजत होता तोवर मी हातातलं काम सोडून ऐकत बसले.

अशात तोताराम आबा आले. हे तिचे चुलते. बाप लवकर गेला, म्हणून कन्यादान यांनीच केलेलं. बसने आले होते, पिशवीत घरच्या केळ्यांची फणी. बाज काही हलली नाही.

"आबा, बाहीरूनच पाहा. पाया पडते, पन आत येऊ नका."

"म्या तुह्यं कन्यादान केलं, अन् तू मले उंबऱ्याबाहीर ठेवते?" आबा कडाडले. "मंग आखाजीले माहेरी येऊ नको. कोनी मुराळी येनार नाही."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊ मुराळी होऊन न्यायला येतो, मगच सासुरवाशीण माहेरी जाते. वर्षभर आम्ही बायका त्याच सणाची वाट बघतो. बेबाबाईचा चेहरा उतरला, पण ती एवढंच म्हणाली, "नका धाडू. भाऊ तर राहू द्या." आबा पाठ फिरवून गेले आणि ती पदर तोंडात कोंबून बाजेवर तशीच बसून राहिली. माझा राग तिथेच गेला.

पुढे किमो पार पडली. मुंबईत तिचा मगज भावाला दिला. ती परत आली, बाज अंगणात गेली, पण भाऊबंदकीतून कोणी आलं नाही. लीलाधर कितीतरी महिने डॉक्टरांच्या धाकात होता.

पुढच्या वर्षी आखाजी आली. सगळ्या घरांतून बायका माहेरी निघाल्या. बेबाबाई मुकाट्याने भांडी घासत होती. तेवढ्यात दारात लीलाधर उभा राहिला. वाळलेला, पण डोक्यावर नवे कुरळे केस. "अक्का, चाल. मुराळी आला."

त्याच्या मागे तोताराम आबा होते. दार सताड उघडं होतं, तरी ते उंबऱ्याबाहेरच थांबले. दोन्ही हात पुढे करून म्हणाले, "पोरी, आधी हातावर पानी टाक."

तिने तांब्या आणला. इतक्या दिवसांत जी रडली नव्हती, ती हुंदके देत पाणी घालू लागली. निम्मं पाणी आबांच्या धोतरावरच सांडलं.