व्याह्यांचा तह

आमच्या अल्मेबू गावचा होकान चर्चमध्ये घंटा वाजवायचा. गावात लिहिता-वाचता येणारा तो एकटाच, म्हणून सगळ्यांची पत्रंही तोच लिहायचा. तरुणपणी काल्मारच्या किल्ल्यात राजाच्या कारकुनांसाठी त्याने तीन आठवडे पत्रांवर मोहरा उठवायची लाख वितळवली होती. तेवढ्या भांडवलावर तो आयुष्यभर स्वतःला मुत्सद्दी समजला. मी गावात बिअर विकायचे; ती मागवायची तरी चिठ्ठीची सुरुवात "परमेश्वराच्या कृपेने" अशी, आणि मला वाचता येत नाही म्हणून ती वाचून दाखवायलाही हा स्वतःच यायचा.

आमच्या राजाचं आणि डेन्मार्कच्या राजाचं युद्ध जुंपलं. ओढ्यापलीकडचं ब्रिंगेलुंड डेन्मार्कचं, पण आमच्या मुली तिथे दिलेल्या. राजे लढोत, आपण एकमेकांची घरं जाळायची नाहीत, असा दोन गावांनी आपसात तह करायचं ठरवलं. त्यावर सहीच्या खुणा होईपर्यंत ओढा कुणी ओलांडायचा नाही. मुभा फक्त पत्र नेणाऱ्या बाईला.

तिकडचा पत्रलेखक ट्रुल्स, म्हणजे होकानचा सख्खा व्याही. होकानची लेक सिसेला ट्रुल्सच्या घरी दिलेली; तिच्या लग्नात ट्रुल्सला बाकाच्या टोकाला, दाराशी बसवलं होतं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. आता तहात कुणाच्या गावाचं नाव आधी, यावर दोघेही अडून बसले. तीन पत्रं गेली, तिन्ही परत आली.

आणि इकडे सिसेलाचे दिवस भरत आले होते. तिचं पहिलं मूल गेलं होतं. होकानची बायको इंगेबोर ही आमची सुईण, पण लेकीकडे जायची तिला चोरी.

"तुमच्या या मानपानापायी माझी पोर जायची," ती म्हणाली.

"हे राजकारण आहे. तुला नाही कळायचं."

"बरं. पत्र नेणाऱ्याने उत्तर मिळेपर्यंत तिथेच थांबायचं, हा तुमचाच नियम ना?"

"अर्थात. काल्मारला तसंच होतं."

"मग लिहा. चांगलं झणझणीत लिहा. उत्तर द्यायला व्याह्यांना आठवडा लागला पाहिजे. मी नेते."

होकानला आयुष्यात असा हुकूम कुणी दिला नव्हता. त्याने चार पानं भरली. काठीला पांढरं फडकं बांधून इंगेबोर निघून गेली.

सहा दिवस काही कळेना. होकानच्या हातून घंटा भलत्या वेळी वाजू लागली. सातव्या दिवशी तो स्वतः लिहिलेलं एक चिटोरं घेऊन माझ्या दारात आला.

"वाचू?"

"वाचा भावजी. तुमच्या वाचनातून माझी सुटका आहे का?"

"'व्याहीबुवा, माझी सिसेला कशी आहे?'"

"आणि परमेश्वराची कृपा?"

"ती राहिली," तो म्हणाला. माझ्याकडे बघेना. त्या माणसाचा मला पहिल्यांदाच कळवळा आला. चिटोरं मीच नेलं.

ट्रुल्सने ते दारातच वाचलं आणि आत मेजाशी जाऊन बसला. त्याच्यापुढे त्याच्या उत्तराचं सातवं पान अर्धवट पडलं होतं. ते बाजूला सारून त्याने दोन ओळी खरडल्या, त्या मी घेऊन आले: 'मुलगी झाली. दोघी सुखरूप. विहीणबाईंनी आमच्या घराचा ताबा घेतला आहे. तहात तुमचं गाव आधी लिहा.'

होकान रडला, अगदी हुंदके देऊन. मग नाक पुसून म्हणाला, "छे, हे चालायचं नाही. मूल त्यांच्या घरी झालं. मान त्यांचा."

त्याने त्यांचं गाव आधी लिहिलं. ट्रुल्सने ते परत पाठवलं. आता तह नम्रपणापायी अडला, आणि हेलपाटे मला.

शेवटी इंगेबोर बाळाला घेऊन ओढ्याच्या काठावर आली आणि दोन्ही व्याह्यांना आपापल्या तीरावर उभं केलं. "लिहा," ती म्हणाली. ती सांगेल तसं त्यांनी लिहिलं. खाली दोन्ही गावांनी आपापल्या घरांच्या खुणा काढल्या. तो कागद अजून आमच्या चर्चच्या पेटीत आहे. त्याच्या पहिल्या ओळीत कुठल्याच गावाचं नाव नाही. तिथे लिहिलंय: 'इंगर, वय अकरा दिवस, दोन्हीकडची नात, हिच्या झोपेसाठी.'