हरणांची राखण

आईला अमेरिकेत येऊन जेमतेम महिना झाला आणि तिचं पालुपद सुरू झालं. इथे बोलायला माणूस नाही, पायी जायला दुकान नाही, भांडीसुद्धा मशीन घासतं, मी काय भिंतींशी गप्पा मारू? दसऱ्याला मी माझ्या घरी, असं तिने जाहीर करून टाकलं. बाबा गेल्यापासून ती गावातल्या घरात एकटीच असते. मला ती इथे हवी होती, निदान थंडीभर. पण आमच्या घरात असलं काही सरळ बोलायची पद्धत नाही, म्हणून मी नुसतीच आदळआपट करत होते.

त्यात ऑगस्ट सरता सरता नवऱ्याच्या अंगात शेती संचारली. आमचं घर मॉरिसव्हिलच्या बाहेर, झाडीला लागून. शेजारचे अमेरिकन काका दरवर्षी या सुमाराला कुंपणालगत हरणांसाठी पेरणी करतात. यंदा तुमचाही तुकडा घेऊ का, असं त्यांनी विचारलं. नवऱ्याचा जन्म गेला पुण्याच्या फ्लॅटमध्ये, पण लगेच हो म्हणाला. मुक्या जनावरांसाठी शेत पेरणारा माणूस म्हणजे साधूच, हे त्याने मला जेवताना दोनदा ऐकवलं. दोघांनी मिळून जमीन उकरली, ओट, क्लोव्हर नावाचं चाऱ्याचं गवत आणि सलगम पेरलं. आई खुर्ची टाकून देखरेखीला. बी दाट पडतंय, हे तिने जावयाला मराठीत आणि काकांना हातवारे करून सांगितलं. काकांनी निमूट हात आखडता घेतला.

पाऊस वेळेवर झाला, शेत तरारून आलं आणि एका सकाळी हरणं आली. मी फोटो काढायला फोन शोधतेय, तोवर स्टीलचं ताट डावाने बडवत आई मागच्या दाराने धावली. हरणं पसार! नवरा कळवळला. अहो आई, त्यांच्यासाठीच तर पेरलंय, म्हणाला. तिला ते काही केल्या पटेना. घालायचं तर कापून टोपलीत घाला, पण उभ्या पिकात जनावराने तोंड घालायचं नाही, हा तिचा हेका. लहानपणी ज्वारीची राखण केलेली बाई ती. रोज पहाटे आणि तिन्हीसांजेला ताट घेऊन हजर. मी तर लाजेने अर्धी झाले. काका कुंपणापलीकडून नुसता हात हलवायचे, पण चेहरा उतरलेला दिसायचा.

मग काकांनी त्यांच्या हद्दीतल्या झाडावर शिडी लावून उंच बैठक बांधली. आई खूश.

"बघ, आली ना अक्कल? राखणीला माळा बांधला."

कौतुकाने तिने त्यांना थालिपीठ नेऊन दिलं. मला मात्र काहीतरी खटकलं आणि मी नवऱ्याला चौकशीला पिटाळलं. तो तोंड पाडून परत आला. शिकारीचा सीझन उघडला की काका त्या माळ्यावर बंदूक घेऊन बसणार होते. हरणं चरायला निर्धास्त यावीत, यासाठीच तर पेरणी. आमच्या तुकड्यात शिकार नको, हे काकांनी लगेच मान्य केलं, बिचारे भले गृहस्थ. पण हरणांना कुंपण थोडंच कळतं?

आईपासून लपवणं शक्य नव्हतं. सांगितलं.

"खायला बोलवायचं आणि मारायचं?" ती एवढंच म्हणाली.

संध्याकाळी हरणं पुन्हा काकांच्या बाजूला उतरली. आईने ताट बाजूला ठेवलं आणि ओट्याखालून मोठी परात काढली. दाराशी थांबून तिने विचारलं, हा त्यांचा सीझन संपतो कधी? नवीन वर्ष उजाडेपर्यंत चालतो, मी म्हटलं.

"मग ते दसऱ्याचं तिकीट पुढे ढकल. मी गेल्यावर यांना हाकलणार कोण?"

ती बाहेर गेली. परातीचा आवाज काकांच्या शेताच्या पार कोपऱ्यापर्यंत जात असणार. मी डोळे पुसत लॅपटॉप उघडला, तिचा विचार बदलायच्या आत.