पोराच्या वाढदिवसाचा केक

पोरगा गेला त्यानंतरही भोसरीत आमच्या चौकात त्याचा वाढदिवस झाला. मित्रांनी मोठा फ्लेक्स लावला. त्यावर पोराचा फोटो, गॉगल घातलेला, हात जोडलेला, आमच्या खिडकीच्या बरोबर समोरच्या खांबाला. त्याच खांबाशी त्याला कोयत्यानं मारलं होतं. कारण काय, तर गाडीला कट मारला. मारणारं पोर मागच्या गल्लीतलं. जामिनावर सुटून घरी आलं होतं.

संध्याकाळी मला खाली बोलावलं. टेबलावर केक. पोराचा जिवलग मित्र, लहानपणापासून आमच्याच ताटात जेवलेला, त्यानं माझ्या हातात कोयता दिला. हल्ली ही पोरं केक कोयत्यानंच कापतात, त्यात त्यांना मर्दुमकी वाटते.

"आबा, तुमी फक्त कापा. बाकीचं आमी बघतो."

बाकीचं म्हणजे काय, ते सगळ्या चौकाला कळत होतं. मी केक कापला असता, तर माझा होकार झाला असता.

मी चौथी शिकलेला माणूस. जन्म सगळा कारखान्यात लोखंड घासण्यात गेला. पातं हातात आलं की वजन कळतं, धार कळते. तो कोयता माझ्या मुठीत नीट बसला. खोटं कशाला लिहू, सोडावासा वाटेना. मागच्या गल्लीतलं ते दार डोळ्यांपुढं आलं. मग त्या दारात उभी राहणारी त्याची आई आली. नळावर आमच्या हिच्याशी नजर न मिळवता हंडा उचलून जाणारी.

मी म्हणालो, "ह्यानंच माझं पोर कापलं. आता केक बी ह्यानंच कापू व्हय?"

एक जण हळूच म्हणाला, "आबा, ह्यो नवा हाय. धुतलेला हाय."

"गप ए," मित्र त्याच्यावर खेकसला.

मी कोयता काखेत धरला आणि हातानं केक तोडला. पहिला घास त्या मित्राच्या तोंडात कोंबला. "खा. अन् घरी जा. तुझी आई वाट बघत असंल."

तो घास तोंडात धरून रडला. पोरांनी कोयता परत मागितला. मी दिला नाही. दुसऱ्या दिवशी ग्राइंडरवर धरून त्याची धार पार संपवली. ठिणग्या उडत होत्या आणि मला पोराचं ओरडणं ऐकू येत होतं. ते अजून येतं.

लोक म्हणतात आबानं माफ केलं. माफबिफ काही केलेलं नाही. फक्त दुसऱ्या कुणाच्या घरात ते ओरडणं जायला नको.

फ्लेक्स उतरवून मी आमच्या गळक्या पत्र्याखाली ताणून बांधला. तोंड आतल्या बाजूला.

ही म्हणाली, "अहो, उलटा लावा की. मला बघवत न्हाई."

"अन् पावसाचं पाणी त्याच्या तोंडावर पडू देऊ?"

आता वारा शिरला की फ्लेक्स फुगतो आणि त्याची छाती वरखाली होते. मी खाली पडून बघत राहतो.

सकाळी तो मित्र चाकणच्या कंपनीच्या बसला जाताना खालून हाक मारतो, "आबा, चाललो!" ती हाक आली म्हणजे मागच्या गल्लीतलं पोरही जिवंत आहे, असं मी समजतो. मग उठून चहा पितो.